मैदानाकडे पाठ करून बसलेली माणसं

गुरुजी, अमेरिकेत सध्या फुटबॉलचा विश्वचषक चालू आहे. हे सांगायला मी उरलो आणि ऐकायला तुम्ही नाही, ही काही बरी व्यवस्था झाली नाही. सकाळी टीव्हीवर आदल्या दिवसाचा खेळ दाखवतात. प्रचंड मैदानं, तोंडं रंगवलेली माणसं, खुर्ची म्हणून रिकामी नाही. माझी मुलगी तिकडेच असते. तिला फोनवर विचारलं, काय गं, तुमच्या अमेरिकेला या खेळाचं वेड लागलं की काय? ती हसली. म्हणाली, "कशाचं वेड, बाबा? आमचा शेजारी गेला होता पाहाले. आइस्क्रीम खाऊन आला, अन् मले विचारते, हे मध्येच थांबत काऊन नाई? मोठी गोष्ट आहे, सारे जाऊन राह्यले, म्हणून तोही गेला." लहान पोरं शनिवारी खेळतात, आया त्यांना गाडीतून नेतात-आणतात, आणि पोरं मोठी झाली की सोडून देतात, असंही ती म्हणाली. ज्यांना खरंच आवडतं ते बहुतेक दुसऱ्या देशांतून येऊन राहिलेले. मी फोन ठेवला आणि तुमची आठवण आली. पुढ्यातलं ताट तसंच सारलं. बायको म्हणाली, खेळ त्यांचा अन् उपास तुम्हाले? तिला काय सांगणार.

आपलं गाव वैनगंगेकाठचं, धानाचं आणि सागवानाचं. कबड्डी होती, बैलांच्या शर्यतींचा शंकरपट होता. फुटबॉल कोणी पाहिलासुद्धा नव्हता. तुम्ही नागपूरहून बदलून आलात ते एक ट्रंक, बायको (आम्ही पोरं त्यांना बाई म्हणायचो) आणि तो कातडी चेंडू घेऊन. दर रविवारी तुमच्या स्वयंपाकघरात आम्ही पोरं बसायचो आणि चेंडूला मोहाचं तेल चोळायचो, म्हणजे कातडं तडकत नाही. बाई चुलीपुढून ओरडायच्या, "भाजीत घालाले तेल नाई, अन् चेंडूची मालिश करून राह्यले!" तुम्ही त्यांच्याकडे बघतही नव्हता. तुमचं ठरलेलं व्याख्यान चालू असायचं. काही वर्षांपूर्वी नागपूरच्या पेपरात तुम्ही वाचलं होतं, विश्वचषकात अमेरिकेनं इंग्लंडला हरवलं. ते तुमच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. "ज्यायनं हा खेळ काढला त्यायले हरवलं! तिथी गल्लीगल्लीत खेळत असतीन तेव्हाच ना? दहा वर्षांत आपल्या गावातही होईल." आणि आम्ही, ज्यांनी चंद्रपूरही धड पाहिलं नव्हतं, माना डोलवायचो.

मग लाकडाच्या ठेकेदाराची नजर शाळेमागच्या मैदानावर पडली. सडक जवळ, जागा सपाट, त्याला तिथे सागवानाचा डेपो करायचा होता. मैदान पंचायतीचं. सरपंच माणूस वाईट नव्हता, हेही लिहिलं पाहिजे. तो तुम्हाला म्हणाला, "गुरुजी, दहा-पंधरा पोट्ट्यायसाठी एवढी जागा कशी ठेवू? गावाले पाह्यजे असन तर दाखवा मले." झालं. तुम्ही मनावर घेतलं. आजूबाजूच्या शाळांना आणि बल्लारपूरच्या कामगारांना बोलावून मोठा सामना भरवायचा, सारा गाव मैदानावर लोटलेला दाखवायचा. तारीख कोणती धरली, तर मंडईची. दिवाळीनंतरची मंडई म्हणजे आपल्याकडे पाहुण्यारावळ्यांचा सण. बाजार, शिवाय रात्रभर नाटक. तुम्ही नाटक मंडळींशी बोललात आणि त्यांचा मंचही मैदानालाच लावून घेतलात. माणसं येतील तर राहतील, राहतील तर बघतील, बघतील तर आवडेल. एवढा साधा हिशोब होता तुमचा, आणि आम्हा कोणालाच त्यात खोट दिसली नाही.

अध्यक्ष म्हणून तुम्ही चक्क एक अमेरिकन गाठलात. कोळशाच्या बोअरिंगसाठी बल्लारपूरकडे आलेला, लालबुंद, हसरा माणूस. सामन्याच्या सकाळी तो तुमच्या घरी पाटावर बसला आहे, गुडघे हनुवटीला टेकलेत, बाई त्याला बशीतून चहा प्यायचं शिकवताहेत आणि मी दाराशी उभा राहून बघतोय. तुम्ही इंग्रजीत विचारता आणि तो बोलेल ते बाईंसाठी मराठीत सांगता. "मी त्याले म्हटलं, तुम्ही इंग्लंडले हरवलं, त्याबद्दल अभिनंदन." तो काही बोलला. बाई म्हणाल्या, "काय म्हणते?" तुम्ही म्हणालात, "म्हणते, आम्ही? कशात?" मग तो बराच वेळ बोलत राहिला आणि तुमचा आवाज लहान होत गेला. त्यानं ती बातमी कधी ऐकली नव्हती. त्यांच्याकडे फुटबॉल म्हणजे चेंडू हातात धरून पळायचा. तुम्ही विचारलंत, मग जिंकले ते अकरा कोण होते? तो खांदे उडवून म्हणाला, असतील कोणी बिचारे. हे मात्र तुम्ही बाईंना सांगितलं नाही. त्यातले 'पुअर फेलोज' एवढेच शब्द मला तेव्हा कळले, बाकीचं मी मागाहून जुळवलं. शेवटी तुम्ही म्हणालात, "पण अकरा मिळाले ना." आणि त्याच्या बशीत आणखी चहा ओतलात.

दुपारी मैदान फुललं. असं मैदान मी जन्मात पाहिलं नव्हतं. बैलांची खासरं भरभरून माणसं उतरत होती, पोती, गोधड्या, डबे, लेकरं. तुम्ही पांढरा सदरा घालून रेघेवरून धावत होता, आणि तुमच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. मी गोलकीपर. दोन खांबांमध्ये उभं राहिलं की सगळं मैदान दिसतं. तिथून मला दिसलं की चारी बाजूंना माणूस माणसाला लागून बसला आहे आणि मंचाच्या बाजूची सगळी रांग मैदानाकडे पाठ करून बसली आहे. मंच मैदानाबाहेर, त्यांच्यासमोर होता ना! नाटक रात्री, पण जागा दुपारीच धरायची, ही आपल्याकडची रीत. पोती अंथरून, मंचाकडे तोंड करून ती माणसं सुपारी कातरत होती. समोरच्या बाजूची माणसं आमच्याकडे बघत होती असं वाटायचं, पण तीही आमच्यावरून पलीकडे, पडदा बांधणाऱ्यांकडे बघत होती. मध्ये आम्ही जीव तोडून धावत होतो. चेंडू एका म्हातारीच्या पाठीत बसला तशी ती वळून ओरडली, "काऊन रे, माणसं बसली दिसत नाई का तुले? मैदान का तुह्या बापाचं हाय?" तुम्ही तिची माफी मागितलीत. चेंडू तिनं मांडीखाली दाबून ठेवला होता, तो हात जोडून परत मागितलात. अमेरिकन खुर्चीत बसून एकदा आमच्याकडे आणि एकदा त्या पाठींकडे बघत होता. हसला नाही. बक्षीस देताना त्यानं तुमचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेना. त्या माणसाबद्दल मला अजून आदर आहे.

तुम्ही मात्र त्या दिवशी पाठी पाहिल्याच नाहीत. रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. "गाव आलं रे, सारं गाव आलं!" एवढंच म्हणत होता. आठवड्यानं पंचायतीनं तुम्हाला बोलावलं, आम्हीही मागोमाग गेलो. सरपंचानं हार घातला, नारळ दिला, आणि मनापासून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही डोळे उघडले आमचे. एवढी माणसं नाटकाले येतात, आम्हाले मालूमच नव्हतं. आता नाटकाले पक्की जागा देऊन राह्यलो, नदीकडची. मग हे मैदान ठेकेदाराले द्याले हरकत नाई." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्हीसुद्धा. गळ्यात हार, हातात नारळ, आणि तुम्ही टाळ्या वाजवायला हात मोकळे करू बघताय. गुरुजी, मी त्यानंतर माणसं मेलेली पाहिली, पण इतकं वाईट वाटलं नाही. कोणावर चिडायचं तेच कळेना. सरपंचानं फसवलं नव्हतं, गावानं खोटं केलं नव्हतं. तुम्ही गर्दी दाखवली, त्यांनी ती पाहिली.

होळीच्या आत सागाचे ओंडके येऊन पडले. पुढच्या वर्षी तुमची बदली सिरोंच्याला झाली आणि तिकडेच तापानं तुम्ही गेलात, हे आम्हाला कित्येक महिन्यांनी कळलं. बाई कुठे गेल्या, कोणी सांगू शकलं नाही. गावात आज कोणाला विचारलं तर नदीकाठच्या नाटकाच्या जागेबद्दल भरभरून बोलतील. इथे कधी फुटबॉल खेळत होते म्हटलं तर माझीच थट्टा करतात. अमेरिकेत काय उरेल ते अमेरिका बघेल. विश्वचषक संपला की ती माणसं तोंडं धुऊन कामावर जातील, एवढं मला इथे बसून दिसतं. मला उमेद नाही. तुम्हाला असती, आणि तीच मला सहन झाली नसती.

हे पत्र टाकायचं कुठे, हा प्रश्नच नाही, तेव्हा एक गोष्ट लिहून टाकतो. तुम्ही निघालात त्या दिवशी मोटारीच्या टपावर ट्रंक चढवून खाली उतरलात आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "बाकी सारं जाऊ दे रे. ज्याले हा खेळ खरंच आवडते असा एक तरी भेटला मले. तू. एक पुरे." मी मान हलवली. गुरुजी, मला फुटबॉल कधीच आवडला नाही. चेंडू अंगावर यायचा तेव्हा मी डोळे मिटून घ्यायचो. माझा बाप गेल्यापासून संध्याकाळी मला नावानं हाक मारून बोलावणारं तुमच्याशिवाय कोणी नव्हतं, म्हणून मी यायचो.