राहूच्या मामांची पांढरी वाइन

दौंड, १४ मार्च २००४

दमलो आहे. राहू गावाहून मामा आले होते. त्यांच्या पहिल्या द्राक्षांच्या पांढऱ्या वाइनची बाटली सहा वर्षे माझ्या कपाटात होती, कारण मामी माळकरी. पांढरी लवकर प्यावी, हे मी दोन वर्षांपूर्वीच वाचलं होतं. मग कळवलं का नाही? आळस, दुसरं काय.

“जुन्या तुपावानी गुणाची झाली आसंल,” म्हणत मामांनी बूच काढलं. रंग कोऱ्या चहासारखा. एक घोट घेऊन त्यांनी पेला खाली ठेवला.

“द्राक्षंच आंबट व्हती म्हणायची. बाग काढून ऊस लावला तेच बरं केलं.”

द्राक्षं चांगली होती, मामा. ठेवून ठेवून मी नासवली. एवढंच सांगायचं होतं. एसटी सुटेपर्यंत मी उसाचंच विचारत राहिलो.