दर शनिवारची जामसांवली

सौंसर, १२ नोव्हेंबर १९८९

विजय भाऊजी, नमस्कार.

तुमची सहा वर्षं वापरलेली मोटारसायकल तुमच्याच दुकानातून मी हप्त्यानं घेतली. मीटर नऊ हजार किलोमीटर दाखवून राहिलं. काल ताई सहज बोलून गेली, "पांढुर्ण्याहून जामसांवलीच्या मारुतीचा एक शनिवार ह्यांनी चुकवला नाही, याच गाडीवर." भाऊजी, जाऊन-येऊन पासष्ट किलोमीटर, सहा वर्षं; तेवढ्यानंच वीस हजार होतात.

मिस्त्री म्हणते, इंजिन गेलं. फायनान्सवाला म्हणते, हप्ता थांबणार नाही.

छिंदवाड्याच्या ग्राहक फोरमचा अर्ज भरला. ‘कोणाविरुद्ध’ या जागी तुमचं आडनाव लिहावं लागते, अन् तेच आता ताईचं आहे. म्हणून अर्ज अन् हे पत्र, दोन्ही ट्रंकेत ठेवून राहिलो.

येत्या शनिवारी मारुतीसमोर उभे राहाल, तेव्हा मीटरचा आकडा त्यालेच सांगजा.

तुमचा साळा,
देवीदास