तुळईवरचा पेला

प्रिय ह्यूगो,

लग्नाचं विचारलंस तेव्हा म्हणालास, "घाई नको. अंगठी तुझ्याजवळ ठेव. माझ्या सराईत येऊन राहा, तिचं मी काय करून दाखवलंय ते बघ, आणि मगच उत्तर दे." आले, राहिले. मॉसलाही आणलं. बाबा गेल्यापासून तो कुत्रा माझ्याशिवाय जेवत नाही. त्याची बडदास्त खरंच छान ठेवतोस. दारात पाय पुसायला टॉवेल, खोलीत मऊ गादी, न्याहारीला सॉसेज. तो गाढ झोपला. मी नाही.

जिन्यापाशी माझा कॉलेजातला निबंध चौकटीत लावलायस. 'ही सराई म्हणजे मेंढपाळांचं आणि कुंपणं विणणाऱ्यांचं दुसरं घर.' मी ते मनापासून लिहिलं होतं. त्याच्याच खाली तुझी पाटी आहे, चिखलाच्या बुटांनी आत येऊ नये. काल संध्याकाळी त्याच पाटीकडे बोट दाखवून तुझ्या नोकरांनी सिरिलकाकांना परत पाठवलं. आयुष्यभर बाबांशेजारी बसून प्यायलेला माणूस! बाहेरच्या दगडी भिंतीवर बसून ते हसत होते. "पोरी, तुझ्या कुत्र्याचे पाय पुसतात गं. उद्या मीपण चार पायांवर येतो, बघू घेतात का!" मला हसू आलं नाही.

त्यांच्यासाठी भांडायला बारपाशी गेले आणि वर पाहिलं. तुळईवरचे पेले टांगायचे आकडे रिकामे होते. इथली रीत तुला मीच सांगितली होती. ज्याचा पेला त्याचाच. माणूस गेला तरी पेला टांगलेलाच राहतो. त्याच्या लेकराने यायचं, त्यातून एकदा प्यायचं आणि तो घरी न्यायचा. आजवर माझा धीर होत नव्हता. या खेपेला बाबांचा पेला न्यायचाच म्हणून आले होते. मला पदवी मिळाली तेव्हा तोच पेला उंचावून बाबा ओरडले होते, "आमच्या घराण्यात आता एक जण तरी न अडखळता वाचणार!" आणि त्यांच्या दफनाच्या दिवशी त्याच्याखाली तू टोपी काढून उभा होतास.

पेला बारवरच सापडला, कुत्र्यांच्या बिस्किटांनी भरलेला. बाबांनी चाकूने कोरलेलं 'क्लिफ' तसंच होतं. बारवरची मुलगी प्रेमाने म्हणाली, "घ्या ना, तुमच्या राजालाही द्या." मॉसने दोन खाल्ली. त्याचं काय चुकलं?

वाटलं, तुला ठाऊक नसेल. म्हणून फोन केला. तू म्हणालास, "अगं, मीच ठेवायला सांगितला. नुसता लटकत होता, आता कामाला तरी आला. हवा तर तसलाच नवा आणून देतो."

तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या फोनवरच ठरलं, ते कळवायला हे पत्र. बिस्किटं ताटलीत ओतली, पेला धुतला, सायडर भरून घेतली आणि बाहेर भिंतीवर सिरिलकाकांशेजारी बसून प्यायले. अर्धी त्यांना दिली. पेला घरी नेतेय. तुझी अंगठी बारवर त्याच ताटलीत आहे. मॉसने हुंगली आणि सोडून दिली.

तुझी होता होता राहिलेली,
टॅम्झिन, क्लिफची मुलगी