थाप न देणाऱ्या मुली

सर, तुम्हाला जाऊन आता चौदा वर्षं झाली. तुम्ही होतात तोवर मी तुम्हाला कधी उलटून बोलले नाही. आज बोलते आहे. गेल्या महिन्यापासून माझी मुलगी जुडोला जाते. पहिल्याच दिवशी तिथल्या मॅडमनी सगळ्यांना खाली बसवून चटईवर थाप द्यायला शिकवलं. दुखायला लागलं, श्वास अडकला, नुसती भीती वाटली तरी थाप द्यायची आणि समोरचीनं त्याच क्षणी सोडायचं. मुलगी घरी येऊन सोफ्यावर, डब्याच्या झाकणावर थापा मारत सुटली. मला हसता आलं नाही.

तुमच्या वर्गात थाप नव्हती. शाळेचा तो पत्र्याचा हॉल, एप्रिलमध्ये चटईवरचं कापडसुद्धा तापलेलं, आणि तुम्ही पंख्याखाली खुर्ची टाकून बसलेले. कुणी थाप दिली तर तुम्ही ओरडत नव्हता, ते परवडलं असतं. तुम्ही सगळ्या जोड्या थांबवायचात आणि म्हणायचात, "थापायचं असलं तर घरी जाऊन भाकरी थापा की. हितं कशाला आलाय?" पोरी हसायच्या. जिला हसायच्या ती पुन्हा थाप देत नसे. याला तुम्ही भीती घालवणं म्हणत होता. आम्ही लागण्याला भ्यायचं सोडलं हे खरं, कारण त्याहून जास्त तुम्हाला भीत होतो.

ती, माझी मैत्रीण, आणि मी बारावीत होतो. तिची आई विड्या वळायची, घरात तेलुगू बोलायची, आणि आम्ही सरावाहून गेलो की काही न विचारता मलाही भात वाढायची. राज्य स्पर्धेला आमच्या वजनात एकच जागा होती, म्हणून तुम्ही आम्हा दोघींनाच एकमेकींशी लढवलंत. ते अजून दिसतं. ती पाठीवर पडली आहे, माझे पाय तिच्या छातीवर आडवे, तिचा उजवा हात माझ्या मांड्यांमध्ये धरलेला. कोपर उलटं ताणलं जातं आहे. तुम्ही खुर्चीतून पुढे वाकून म्हणता, "सोडायचं नाय. बघू की, कोण भितंय." मी कंबर उचलते. आवाज फार मोठा झाला नाही. शेजारच्या जोडीला तर कळलंही नाही.

तुम्हीच तिचा हात टॉवेलनं बांधलात, तुमच्याच स्कूटरवर दवाखान्यात नेलंत, हेही लिहिते. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ओळीत उभं करून म्हणालात, "हिला म्हणायचं पोरगी. हात गेला, पण थाप दिली नाय." आठवड्यानं मला नवा जुडोचा पोशाख आणून दिलात. तोवर मी एका मोठ्या मुलीचा जुना वापरत होते. मी तो घेतला, घालून स्पर्धेला गेले, आणि पहिल्याच लढतीत हरले. परतीच्या एसटीत तुम्ही पुढच्या सीटवर जाऊन बसलात.

तिचं कोपर आजही सरळ होत नाही. ती शाळेचे गणवेश शिवते, कापड पुढे सरकवायला सगळा खांदा वळवते. तुमच्या शोकसभेत एकेकजण माइकवर सांगत होता की सरांनी पोरींची भीती घालवली. ती माझ्या शेजारीच बसली होती. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, रडते आहे.

हे सगळं तुमच्या माथी मारायला मी बसले होते. बरंचसं तुमचंच आहे, ते मागे घेत नाही. पण सर, तिनं थाप दिली होती. मोकळ्या हाताची दोन बोटं, माझ्या पोटरीवर, तुमच्या खुर्चीवरून दिसणार नाहीत अशी. मला कळलं होतं. सोडलं असतं तर का सोडलंस म्हणून तुम्ही सगळ्यांसमोर विचारलं असतं. एवढा विचार करायला मला वेळ मिळाला होता, आणि मग मी कंबर उचलली.

हे तिला लिहायला हवं. ते जमत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. गेल्या दिवाळीत मुलीचा फ्रॉक तिच्याकडे शिवायला टाकला, तेव्हा सुईत दोरा ओवताना तिनं सहज विचारलं, "तवा तुला कळलंच नसंल की गं?"

मी म्हटलं, "नाही कळलं."