पुढच्या फळीतल्या पाच जणांसाठी

लिहून ठेवणार: दानीएल रत्नाकर पाटोळे, वय ७१, निवृत्त व्यायामशिक्षक, राहणार भिंगार, अहिल्यानगर.

येत्या मंगळवारी पुण्याला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. काळजीचे कारण नाही असे डॉक्टर म्हणतात, पण त्यांनी ते तीन वेळा सांगितले, म्हणून मी लिहायला बसलो. माझी बुद्धी शाबूत आहे, कोणाचा दबाव नाही आणि नशापाणी मी जन्मात केलेले नाही. अक्षर हलले आहे ते भीतीने. तेवढ्यावरून कोणी या कागदाबद्दल शंका काढू नये. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर पत्नी दया हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील, तिच्यामागे ते मुलगा नोहा याचे. मागच्या दाराची कडी नीट बसत नाही. मी गेल्यावर घरात माणसांची ये-जा होईल, त्याआधी ती बदलावी. बँकेतील ठेव दयाची. तिने ती उचलून चर्चच्या रंगकामाला देऊ नये, आधी स्वतःच्या गुडघ्यांचे बघावे.

२. माझी हार्मोनियम चर्चच्या गायकवृंदाला. त्या मुलांवर माझा राग नाही. त्यांनी गावे. मैदानावर पुढच्या फळीत मात्र उभे राहू नये. का ते पाचव्या कलमात येईल.

३. एमआयडीसीजवळचा तीन गुंठ्यांचा प्लॉट विकून येणारी रक्कम भिंगार फुटबॉल मंडळाच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी. आमचा खेळ अमेरिकन फुटबॉल. आमच्या शाळेत पाहुणे म्हणून आलेले एक अमेरिकन शिक्षक जाताना बारा हेल्मेट आणि एक लांबट चेंडू ठेवून गेले, त्यातून हे मंडळ उभे राहिले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात एक जण चेंडू हाताने लांब फेकतो. त्याच्या अंगावर समोरचा संघ धावून येतो, आणि त्यांना अडवायला पाच जण पुढे उभे असतात. ती पुढची फळी. त्यांनी चेंडू झेलायचा नाही, घेऊन पळायचे नाही, नुसते भिडायचे. पेपरात फोटो फेकणाऱ्याचा येतो. त्याला चेंडू फेकायला जे दोन-तीन सेकंद मिळतात, ते या पाच जणांच्या जिवावर.

मंडळाचे अध्यक्ष आदिनाथ यांचे म्हणणे, "फळीत कुणीबी उभं ऱ्हातंय सर. आपल्याला नामी फेकनारा पायजे." आदिनाथ माणूस दिलदार आहे, पण त्यांना हॉटेलची पाटी आधी दिसते आणि चूल मागून. म्हणून या ठेवीच्या व्याजाला त्यांनी हात लावू नये. व्याज फक्त फळीवर खर्च व्हावे.

४. तो खर्च कसा करावा, हे मी सत्तावीस वर्षे चुका करून शिकलो. पहिला माणूस डाव्या टोकाचा घ्यावा. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ डावीकडे असते, तिकडून कोण आला ते त्याला दिसत नाही. माझा नातू, नोहाचा मुलगा जोशुआ, उजव्या हाताने फेकतो. तो एकोणीस वर्षांचा आहे आणि त्याला कशाचीच भीती वाटत नाही, हीच मला भीती.

निवड करताना पोट आणि दंड बघू नयेत, पाय बघावेत. ऊसतोडीला जाणारी माणसे डोक्यावर मोळी घेऊन शिडीवरून ट्रकवर चढतात, तेव्हा पावले रुंद आणि आखूड टाकतात. फळीला तेच पाय लागतात. असे पाच जण एकदा निवडले की चार वर्षे बदलू नयेत. शेजारचा कोणत्या क्षणी सरकतो, हे न बघता कळायला तेवढा काळ लागतो. पाचांच्या जोडीला दोन राखीव तयार करावेत, कारण सर्वात जास्त मार यांनाच बसतो. नवी हेल्मेट आली तर आधी त्यांना. रोज दूध-अंडी त्यांना. वाळूची पोती बांधलेली माझी लोखंडी गाडी, जी ढकलून फळीचा सराव होतो, तीही त्यांचीच. ती पावसात ठेवू नये.

आणि मंडळाचा वर्षाचा सामना गुढीपाडव्यानंतर, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवरून परतल्यावर ठेवावा. आदिनाथ यांनी यंदा तो २७ डिसेंबरला ठरवला आहे. तेव्हा फळीच्या कामाचा एकही माणूस गावात नसेल. मी दोनदा सांगितले. ते म्हणाले, "तुमी आपरेशनचं बघा सर." मी आपरेशनचेच बघतो आहे. मी भुलीखाली असताना किंवा मातीखाली असताना जोशुआच्या डाव्या बाजूला कोण उभा असेल, हा एकच विचार डोक्यात आहे.

५. हे कलम वकील राजेश्वरीताईंनी लिहू नका म्हटले होते. मिळकतीशी त्याचा संबंध नाही म्हणाल्या. पण यातच सगळे आहे.

२०१७ साली फेकणारा माझा मुलगा नोहा होता, आणि डाव्या टोकाला पाथर्डी तालुक्यातला कानिफनाथ. कानिफ दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला गेला. मी मात्र सामना २६ डिसेंबरला ठेवला, कारण नाताळाला आपली सगळी मंडळी घरी असतात आणि मैदान भरते. फळीत गायकवृंदातली पाच मुले घेतली. सकाळी चर्चमध्ये त्यांची नावे वाचली, पाळकांनी जर्सींवर हात ठेवून प्रार्थना केली, आयांनी फोटो काढले.

मैदानावर पोचतो तो फाटकाशी कानिफ उभा. मुकादमाच्या शिव्या खाऊन, तीन गाड्या बदलून आला होता. म्हणाला, "सर, आलो बगा. कुटं उभा ऱ्हाऊ?"

ज्या मुलाच्या अंगावर प्रार्थना झाली, त्याची जर्सी सगळ्या चर्चसमोर कशी उतरवायची? मला भीड पडली. मी कानिफला म्हणालो, आता जागा नाही. वर असेही म्हणालो, की सामना सुरू व्हायच्या आत निघ, लोक विचारतील. तो पाणीसुद्धा न पिता गेला.

तिसऱ्याच फेकीला डावीकडचा मुलगा बाजूला झाला आणि नोहाचा उजवा खांदा मोडला. आजही तो हात खांद्याच्या वर जात नाही. इस्पितळात नोहा म्हणाला, "कानिफनं ऐनवेळी दगा दिला." मी गप्प बसलो. आठ वर्षे गप्प आहे. नोहा कानिफच्या नमस्काराला उत्तर देत नाही, आणि कानिफच्या गावची चार दणकट मुले यायला तयार असताना त्यांना तो जोशुआपुढे उभे राहू देत नाही. बापाच्या भिडेने आधी मुलाचा खांदा गेला, आता नातवावर पाळी आली आहे.

तू खरे का सांगत नाहीस, असे मी कानिफला एकदा विचारले. तो म्हणाला, "तुमचं पोरगं तुमच्यापासनं तुटंल, सर. माजं काय, मी वर्सातनं सहा म्हयने हितं नसतोच."

नोहा, दगा कानिफने दिला नाही. मी दिला. मला माफ कर, आणि नाही जमले तरी फळी कानिफला निवडू दे.

६. हे मृत्युपत्र माझ्यामागे उघडावे, असे आधी लिहिले होते. ते खोडले. मेल्यावर कबुली द्यायची तर नोहाने कोणाशी भांडायचे? म्हणून आज दुपारी वकिलांच्या कार्यालयात सगळी कलमे त्याला वाचून दाखवली. पाचवे मात्र मी राजेश्वरीताईंना वाचायला दिले.

नोहा उजवा खांदा धरून बसला होता. माझ्याकडे त्याने पाहिले नाही. मग वकीलबाईंना विचारले, "साक्षीला कोण आहे?" शेजारचे कल्याण लोंढे आणि बाईंचे कारकून, असे त्यांनी सांगितले. "कारकून नको," एवढे बोलून तो उठला आणि निघून गेला. तो परत येणार की नाही, हे मला कळेना. दीड तासाने आला. मागे कानिफ होता, भाजीबाजारातून हमाली सोडून तसाच आलेला.

बाईंनी कानिफला समजावले, की सातव्या कलमात सरांची मोटारसायकल तुझ्या नावे आहे, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही घेता येत नाही. सही केलीस तर गाडी गेली.

कानिफने विचारले, "मी त्या दिशी आल्तो, हे लिवलंय का ह्यात?"

"लिहिलंय," नोहा म्हणाला.

"मंग जाऊ द्या गाडी. कुटं करू सही?"

७. हे कलम रद्द. मोटारसायकल नोहाकडे राहील.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली आहे. त्यांनीही माझ्यासमोर केली.

सही: दानीएल रत्नाकर पाटोळे

साक्षीदार:
१. कल्याण भागवत लोंढे, शेजारी, भिंगार
२. कानिफनाथ सहादेव खेडकर, डावे टोक, भिंगार फुटबॉल मंडळ

ठिकाण: अहिल्यानगर
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५