सिंकखालचा कप

६ मे, मंगळवार

लायब्ररीतल्या ब्रीदाची मेल. आमचा गुरुवारचा लेखनाचा वर्ग घेणाऱ्या प्रुएट बाईंना जाऊन सतराला महिना होतोय, त्या दिवशी लायब्ररीच्या हॉलमध्ये स्मरणसभा. इथे लिमरिकमध्ये माणूस गेल्यावर महिन्याने आठवण काढतात. मी 'गुरुवारच्या वर्गातल्या बायकांच्या वतीने' तीन मिनिटं बोलायचं. शेवटी एक ओळ: साडी नेसून आलीस तर फोटो छान येतील.

बाईंनी या ओळीखाली लाल रेघ मारली असती. मग चष्म्यावरून बघत विचारलं असतं, "मुग्धा, राग आला? मग लिही की."

आलाय. लिहितेय.

८ मे, गुरुवार

शाळा सुटल्यावर सवयीने लायब्ररीकडेच वळले. वर्गाची खोली बंद. दारावर योगाच्या क्लासचा कागद. महिनासुद्धा झाला नाही!

ब्रीदाला भाषण दाखवलं. तिने वाचलं, "ग्रँड, ग्रँड" म्हणाली आणि कमिटीकडे पाठवलं. दोन तासांत परत आलं, अर्धं कापून. काय कापलं? बाई अलाबामातल्या काळ्या मुलांच्या शाळेत शिकल्या. गोऱ्या शाळेने टाकून दिलेली पुस्तकं तिथे यायची. पहिल्या पानावर नाव लिहायच्या सगळ्या रेघा आधीच्या मुलांच्या नावांनी भरलेल्या. छोटी ओडेसा प्रुएट आपलं नाव लिहायची कुठे? पुढे गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी स्वतःच्या हातांनी बांधलेल्या शाळांचा इतिहास त्यांनी जन्मभर शोधला, तो या रेघांमुळे. हे सगळं गेलं. कमिटीचा जो प्रमुख, इथल्या बोलीत 'युअर मॅन', त्याचं म्हणणं: "जरा जड होतंय. लोक उबदार आठवणी ऐकायला येतात."

राहिलं काय, तर 'त्यांचं गोड हसू'.

गोड! मी नागपुरात अकरा वर्षं इतिहास शिकवून आले आणि इथल्या नोकरीच्या पहिल्या अर्जात 'सध्या गृहिणी, थोडासा अनुभव' असं लिहिलं. बाईंनी अर्ज चार वेळा परत केला. "तू माफी मागतेयस. मी अर्ज मागितला होता." चौथ्यांदा मी घरी येऊन रडले. आज लिमरिकमध्ये वर्गात उभी राहते ती त्या चार वेळांमुळे. हसण्यामुळे नाही.

१० मे, शनिवार

अमेय, माझा नवरा, म्हणतो, "तीनच मिनिटं आहेत गं. ते म्हणतात ते बोल आणि मोकळी हो." त्याच्या ऑफिसात असंच चालतं. सगळेच मोकळे.

सासूबाई अमरावतीहून आल्यात, तीन महिन्यांसाठी. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "ते काळी बाई न? गेली? बिचारी! मी माह्या हातानं च्या देल्ला होता तिले. दोन डाव."

मी हातातली मेथी तशीच ठेवून वर निघून गेले.

हो, दिला होता. निळ्या पट्ट्याच्या कपात. तो कप सिंकखालच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, असतो, फिनाइलच्या बाटलीशेजारी. सा.बा. सात वर्षांपूर्वी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनीच तो तिथे ठेवला. प्लंबरसाठी, बॉयलरवाल्यासाठी. इथे कामाला बाई नाही, पण बाईचा कप अमरावतीहून आला. बाई, म्हणजे आमच्या बाई, त्याच उन्हाळ्यात घरी आल्या. सा.बा. खाली वाकल्या, प्रेस उघडला, कप काढला. मी तिथेच होते. पोहे परतत होते. बघितलं आणि पोहे परतत राहिले. दुसऱ्यांदा आल्या तेव्हाही.

मग सा.बा. परत गेल्या. कप तिथेच राहिला. सात वर्षं. वर कोण ठेवणार होतं? मीच ना?

११ मे, रविवार

अमेयशी वाजलं. मी कपाबद्दल बोलले. तो म्हणाला, "बाईंना कुठे माहीत होतं? कशाला उकरून काढतेस?" तेवढ्यात आमची लेक ईरा जिन्यावरून. तेरा वर्षांची झालीय, मराठी सगळं कळतं, बोलते मात्र लिमरिकचं इंग्रजी.

"शी न्यू, मॅम."

काय?

"शी आस्क्ट मी. व्हाय डझ माय कप लिव्ह अंडर द सिंक."

तेव्हा ही सहा वर्षांची. तू काय सांगितलंस?

"आय सेड इट्स फॉर पीपल हू आरंट अस." मग खांदे उडवून, "शी सेड थँक यू. अँड शी फिनिश्ड हर टी."

अमेयने टीव्ही लावला.

सहा वर्षांच्या मुलीला कळलं होतं. तिला कोणी शिकवलं? 'मी नाही' असं म्हणायची माझी हिंमत नाही.

१३ मे, मंगळवार

आजारी आहे म्हणून शाळेला कळवलं. खोटं. वर्गाची जुनी फाइल काढून बसले.

एक निबंध सापडला. त्याच उन्हाळ्यातला, त्या दुसऱ्या चहानंतरच्या गुरुवारी दिलेला. विषय: तुमच्या घरातली अशी एक वस्तू, जिला स्वतंत्र जागा आहे. मी देवघरावर लिहिलं होतं. समई, आजीचा बाळकृष्ण, परदेशात जपलेली संस्कृती. दोन पानं. स्वतःवर काय खूश होते मी! खाली बाईंच्या लाल अक्षरात एवढंच: 'छान. आता दुसरीबद्दल लिही.'

तेव्हा वाटलं होतं, बाईंना आणखी एखादी वस्तू हवीय. मी पैठणीवर लिहून दिलं. त्यावर शेराच नाही. नुसती तारीख.

मूर्ख. मूर्ख. मूर्ख.

एवढ्या फटकळ बाई, माझं एक वाक्य सोडायच्या नाहीत. इथे मात्र जागा करून दिली आणि वाट बघत बसल्या. सात वर्षं. मी दर गुरुवारी समोर बसून मान डोलवत होते, त्यांच्या त्या पुस्तकांवरच्या नावांची गोष्ट ऐकून डोळे पुसत होते.

१५ मे, गुरुवार

अमेयला सांगितलं, मी हे सभेत बोलणार.

"आई पुढच्या रांगेत असेल. मराठी मंडळाची वीस माणसं असतील. तिचं वय बघ."

बाईंचं वय नव्हतं?

"तू आईला सगळ्यांसमोर उभं करणार."

नाही, मी मला करणार. हे त्याला पटत नाही. खरं सांगायचं तर मलाही पुरतं नाही. सा.बा.ना जे शिकवलं ते त्यांनी केलं. मी तर अकरा वर्षं पाणवठ्याचा धडा शिकवलाय. कोणाला पाणी भरू दिलं नाही, का दिलं नाही, कारणे लिहा, पाच गुण. पोरांकडून पाठ करून घेतला. आणि घरात पोहे परतत राहिले.

कमिटीवर चिडायला किती बरं वाटत होतं आठवडाभर! त्यांनी निदान लिहिलेलं कापलं. मी तर लिहिलंच नाही.

१७ मे, शनिवार

सभा अकराला. साडी नेसले नाही.

सकाळी प्रेस उघडला, कप घासला, टी टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत ठेवला. भाषणाचे दोन कागद. एक त्यांनी कापलेला, एक माझा.

सा.बा. कधीच्या तयार. नवी साडी, वर ईराचं जॅकेट. "मी पुढं बसू का व? तू बोलशीन तं मले दिसली पायजे."

बसा म्हटलं.

गाडीत पिशवी त्यांनीच मांडीवर घेतली. थोड्या वेळाने, "काय व यात? टणक लागून राह्यलं."

"कप आहे, आई."

कोणता ते त्यांनी विचारलं नाही. बोटांनी टॉवेलवरून चाचपलं. कान लागला, तिथे बोट थांबलं. मग बाहेर बघत राहिल्या. अमेयचं लक्ष रस्त्यावर होतं, किंवा तो तसं दाखवत होता. हॉलपर्यंत सा.बा.नी पिशवी दोन्ही हातांनी धरून ठेवली. उतरताना मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "राहू दे. मी आणतो."

आता योगाच्या खोलीत बसून लिहितेय. हॉलकडचं दार उघडं आहे. पहिल्या रांगेत सा.बा., पिशवी अजून मांडीवरच. युअर मॅन बाईंच्या गोड हसण्याबद्दल सांगतोय, लोक हसतायत.

ब्रीदाने दारातून खूण केली. माझं नाव…