नळ बंद करणारा हात

अक्का, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. आज नव्या नर्सना हात धुवायला शिकवताना मी अगदी तुमच्यासारखी ओरडले आणि घरी येऊन हे लिहायला बसले.

तुम्ही आमच्या नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या इन्चार्ज सिस्टर, मी नव्वदच्या दशकात रुजू झालेली केशवापूरची नवखी नर्स. आमच्या घरी नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. वाहता नळ दिसला की माझा हात आपोआप पुढे जायचा. तुमचा नियम उलटा: धुतलेल्या हातानं नळाला शिवायचं नाही, आया बंद करील. "अय्यो, वाहू दे की गं! पाणी घरात जाऊन वाचव," असं तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात. माझे कान तापले. रागच आला होता तुमचा.

त्यानंतरच्याच एका दुपारी आया दूध आणायला गेलेली. अळणावरकडच्या एका बाईचं सातव्या महिन्यात झालेलं बाळ काचेच्या पेटीत, त्याचं सलाईन संपत आलेलं. मी हात धुते, नळ धो धो वाहतोय, आणि माझी बोटं तो बंद करून मोकळी होतात. कळतं मला. पुन्हा धुवायला दोन मिनिटं लागली असती. मी तशीच पेटीत हात घालते.

तिसऱ्या दिवशी बाळाला दूध पचेना, अंग गार पडलं. रक्तात जंतू गेले होते. तुम्ही आम्हाला रांगेत उभं केलंत. "कोण चुकलं सांगा. खात नाही मी कुणाला." मी इतरांसारखीच समोर बघत उभी राहिले. माझ्याच हातून झालं की आणखी कुणाच्या, हे आजही सांगता येत नाही. पण माझा हात स्वच्छ नव्हता, हे मला ठाऊक होतं. डॉक्टर आले, तेव्हा "वॉर्ड माझा, चूक माझी" म्हणत तुम्ही बोलणी खाल्लीत. पुढचे नऊ दिवस त्या पेटीशी जाण्याआधी मी दोन-दोनदा हात धुवायची.

बाळ वाचलं. घरी निघताना त्याच्या आईनं माझे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले. "तुमच्या हाताला गुण आहे बघा, सिस्टर." तुम्ही शेजारी उभ्या, कौतुकानं हसत. मी हात मागे घेतले नाहीत. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं.

निवृत्त झाल्यावर कितीतरी वर्षं तुम्ही धारवाडला होतात, बसनं तासाभरावर. हे सांगायला मी एकदाही आले नाही. हा कागदही कुठं जाणार नाही, म्हणून तर एवढं लिहिता आलं. आज त्या मुलींना सगळी हकीकत सांगितली, अक्का. फक्त ‘मी’ न म्हणता ‘आमच्यातली एक जण’ म्हणाले.